लासूरकर सरांची सही

श्रीनिवास लासूरकर सरांनी आयुष्यात कुणाला सही नाकारली नव्हती. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना मान अशी काही वर करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं निदान दोन-चार देवळं तरी बांधली असतील. पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे असलेल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात ते अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. राजपत्रित अधिकारी नव्हते, पण सही हिरव्या शाईनं करायचे. त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी खुलासा केला नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी संस्थाचालकांच्या मनात आलं आणि कॉलेजात इंजिनियरिंग फिजिक्स नावाची नवी शाखा निघाली. नावात इंजिनियरिंगही आणि फिजिक्सही, त्यामुळं पालकांना वाटायचं, एका तिकिटात दोन खेळ. प्रत्यक्षात चौथ्या वर्षाला पोरांची गत ना घरका ना घाटका अशी व्हायची. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्या विचारायच्या, तू मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल? विद्यापीठं विचारायची, तुझी बी.एस्सी. कुठंय? पोरं बिचारी दोन्ही दारांत उभी.

म्हणून दर ऑगस्टात लासूरकर सर चौथ्या वर्षाला एक व्याख्यान द्यायचे, ‘पुढं काय?’ फळ्यावर मधोमध एक चौकोन काढायचे आणि त्यातून बाण सोडायचे. एक बाण एम.एस्सी.कडं. एक एम.टेक.कडं, त्याला पुन्हा फांद्या: धातू-पदार्थांचं शास्त्र, लेसर, सेमीकंडक्टर, अणुऊर्जा. एक बाण परदेशाकडं, तो फळ्याच्या कडेवरून भिंतीवर जायचा आणि पोरं हसायची. एक एम.बी.ए.कडं, ‘शिकलेलं सगळं विसरायचं असेल तर.’ आणि एक बाण सरळ वर, थेट पीएच.डी.कडं. मधली सगळी वर्षं गाळून एकदम संशोधनात. “ही वाट फार थोड्यांची,” सर म्हणायचे. “मार्क लागतात, राष्ट्रीय परीक्षेतला नंबर लागतो आणि प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. पत्राची काळजी करू नका. पत्र तुम्हीच लिहून आणा, सही मी ठोकतो.”

या वाक्यावर टाळ्या पडायच्या. फुकटच्या टाळ्या कुणाला नको असतात?

ही पद्धत सरांनी शोधून काढलेली नव्हती. ते स्वतः विद्यार्थी असताना त्यांच्या गुरूंनीही त्यांना असंच सांगितलं होतं. तेव्हा तरुण श्रीनिवासनं स्वतःविषयीच ‘असामान्य बुद्धिमत्तेचा विद्यार्थी’ असं लिहिलं होतं आणि लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. पुढं सवय झाली. दर जानेवारीत टेबलावर पत्रांची चळत यायची. कुणी वर्गात पहिला, कुणी लाखात एक, कुणी सरांनी अठ्ठावीस वर्षांत पाहिलेला सर्वोत्तम विद्यार्थी. सर एका हातानं चहा प्यायचे, दुसऱ्या हातानं सह्या करायचे. कान लाल व्हायचे ते कधीच बंद झाले होते.

यंदाच्या जानेवारीत त्या चळतीत द्वारका इंगळेचं पत्र होतं.

द्वारका सोयगावची. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, त्यामुळं वर्गातली पोरं तिला ‘द्वारकाबाई’ म्हणून चिडवायची. ती चिडायची नाही. सर तिला नावानं हाक मारत नसत. “अगं सोयगाव,” म्हणायचे, आणि आपण किती आपलेपणानं बोलतो असं त्यांना वाटायचं. खरी गोष्ट अशी की नाव आठवायचे कष्ट वाचायचे.

बंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेत थेट पीएच.डी.साठी तिनं अर्ज भरला होता. राष्ट्रीय परीक्षेत तिचा नंबर चांगला आला होता. घरात ठरलं होतं की हे एक वर्ष तिचं. झालं तर झालं, नाहीतर जूनपासून चितेगावच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागायचं आणि मग पुढचं काय ते वडीलधारी ठरवतील. वडीलधारी काय ठरवतात हे सोयगावात कुणालाही विचारा, तारखेसकट सांगतील.

सर सही करायला लागले तेव्हा ती टेबलासमोर उभी होती. म्हणाली, “सर, एकदा वाचून घ्या ना.”

“तुझ्यावर विश्वास आहे,” सर म्हणाले आणि सही ठोकली. ऑफिसातल्या बद्रीनाथनं कागद स्कॅन केला आणि सरांच्या नावानं संस्थेकडं पाठवून दिला. ही कामं बद्रीनाथच करायचा, कारण सरांना पासवर्ड लक्षात राहत नसत.

मार्चमध्ये एका सकाळी, पहिला तास आटोपून सर खुर्चीत बसताहेत तोच फोन आला. बंगळुरूच्या त्या संस्थेतले एक प्राध्यापक बोलत होते. मूळचे बेळगावकडचे, मराठी बोलणारे. आवाज शांत होता.

“लासूरकर सर, द्वारका इंगळेसाठी तुम्ही पाठवलेलं पत्र माझ्यासमोर आहे. मी मुद्दाम फोन केला. असं पत्र मी आजवर पाहिलं नाही.”

सरांनी खुर्चीत पाठ टेकवली. “हं,” ते म्हणाले.

“स्वतःविषयी इतकं खरं लिहायला छाती लागते.”

आता माणसानं अशा वेळी काय म्हणावं? पत्रात काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं. पण कौतुक कानात शिरलं की जीभ आपोआप सैल सुटते. सर म्हणाले, “खरं तेच लिहावं, असं माझं मत आहे.”

“तेच तर. पण एक अडचण आहे. मुलाखतीच्या यादीत एकच जागा उरली आहे. मुलीचे मार्क बरे आहेत, पण तुमच्या पत्रात तिच्या कामाबद्दल काहीच नाही. उद्या दुपारी बारापर्यंत काही ठोस लिहून पाठवाल? नाहीतर मला नाव गाळावं लागेल.”

“पाठवतो,” सर म्हणाले. फोन ठेवला आणि बद्रीनाथला हाक मारली. “त्या सोयगावच्या मुलीचं पत्र काढ बरं.”

बद्रीनाथनं प्रिंट काढून दिली, पण गेला नाही. तिथंच घुटमळत राहिला. सरांनी वाचायला सुरुवात केली. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

‘कुमारी द्वारका इंगळे चार वर्षं माझ्या वर्गात आहे. ती तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसते. तिची हजेरी पूर्ण आहे. तिच्या प्रयोगवह्यांवर माझ्या सह्या आहेत, परंतु आतला मजकूर मी वाचला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. तिचं नाव मला चटकन आठवत नाही, म्हणून मी तिला गावाच्या नावानं हाक मारतो. दुसऱ्या वर्षी तिनं मला एक प्रश्न विचारला होता. मी नंतर ये म्हणालो. ती नंतर दोनदा आली. दोन्ही वेळा मी कामात होतो. त्यामुळं तिची समज कितपत आहे, याविषयी मला खात्रीनं सांगता येत नाही. मार्कांवरून ती मेहनती असावी. तिला संधी द्यावी की नाही, हे आपण तिला भेटून ठरवावं, ही विनंती.’

खाली हिरव्या शाईत, झोकदार शेपटी काढलेली, श्रीनिवास लासूरकर यांची सही.

सरांनी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. खोटं शोधायला वाचलं. एखादा शब्द तरी खोटा निघाला असता तर त्यांना रागावता आलं असतं. तसा एकही निघाला नाही. दोन्ही वेळा आपण कामात नव्हतो, एकदा स्टाफरूममध्ये क्रिकेटची मॅच पाहत होतो, हे त्यांना आठवलं. म्हणजे पोरीनं उलट सांभाळूनच घेतलं होतं. आणि थोड्या वेळापूर्वी आपण फोनवर काय म्हणालो? खरं तेच लिहावं, असं माझं मत आहे. हे वाक्य आठवलं आणि सरांना इतकी लाज वाटली की त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

“तू वाचलं होतंस?” त्यांनी बद्रीनाथला विचारलं.

“व्हय सर. पाठवताना वाचलं ना.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुम्हीच लिव्हलंय,” बद्रीनाथ म्हणाला. “म्हटलं, रिटायरमेंट जवळ आली की माणूस खरं बोलाया लागतं.”

त्याच्याकडं निरोप देऊन सरांनी द्वारकाला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात तिला चांगलं फैलावर घेतलं. अगं, असं कुणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतं का? सगळे लिहितात तसं लिहायचं. ती आली तेव्हा मात्र त्यांनी नुसता कागद पुढं केला.

“हे असं का लिहिलंस?”

द्वारका घाबरली. “चुकलं का सर काही?”

“चुकलं नाही. पण असं का?”

“सही तुमची होती सर.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. “आमचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी जळतात ना, त्यांच्यातली जुनी तार काढून नवी भरतो. शेत काकांकडं, दुकान बाबांकडं. दुकानात नियम आहे. ज्यानं मोटर भरली, त्यानं चिठ्ठीवर तारीख टाकून सही करायची आणि चिठ्ठी झाकणात ठेवायची. पुन्हा जळाली तर कळावं, कुणाच्या हातची होती. दुसऱ्यानं भरलेल्या मोटरीत आपल्या सहीची चिठ्ठी टाकली तर बाबा दोन दिवस बोलत नाहीत. मग मी विचार केला, सरांना जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरच सरांची सही घ्यावी. म्हणून वाचून घ्या म्हणत होते.”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, पार्किंगच्या पत्र्यांवर ऊन पडलं होतं.

“तुझा प्रश्न काय होता?” त्यांनी विचारलं.

“कोणता?”

“दुसऱ्या वर्षाचा. मी नंतर ये म्हणालो होतो तो.”

“तो व्हय.” ती पहिल्यांदा हसली. “जुनी तार खाचांत घट्ट बसलेली असती, निघत नाही. म्हणून मोटर पेटवून देतात. जळून मोकळी झाली की ओढून काढतात. मग नवी तार भरायची. तेवढेच वेढे, तीच तार, तेवढीच जाडी. तरी पेटवलेली मोटर पहिल्यापेक्षा जास्त तापती. का तापती, असं विचारलं होतं.”

सरांना उत्तर येत होतं. कुणालाही हेवा वाटावा इतकं चांगलं येत होतं. मोटरीच्या पोटातलं लोखंड अखंड नसतं, पातळ पत्र्यांची थप्पी असते, आणि दोन पत्र्यांमध्ये वार्निशचा थर असतो. आगीत तो थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि लोखंडातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात. वीज कामाला न येता उष्णतेत जाते. सांगायला दीड मिनिट लागलं. हे दीड मिनिट दोन-अडीच वर्षांत त्यांना सापडलं नव्हतं.

“व्हय सर,” द्वारका म्हणाली. “मला ते नंतर सापडलं.”

“कुठं?”

“आमच्या दुकानात.” तिनं पिशवीतून एक जाड वही काढली. कव्हरला ऑइलचे डाग होते. “अकरा मोटरी आहेत यात. पेटवायच्या आधी आणि नंतर, नुसत्या लोखंडात किती वीज जाती ते मोजलंय. मग आम्ही पेटवणं बंद केलं. तेलाच्या रिकाम्या पिंपाची भट्टी केली, तिला तापमापक लावला. कितीपर्यंत तापवलं तर तार सुटती आणि वार्निश टिकतं, ते काढलंय. आता तालुक्यातले बाकीचे दुकानदार पण विचारायला येतात.”

सरांनी वही चाळली. पानामागून पान आकडे, आलेख, काही मराठीत, काही इंग्रजीत. प्रत्येक मोटरीचं पान वेगळं, पानाखाली तारीख आणि सही. एम.टेक.च्या पोरांनी वर्षभर रडतखडत केलेले प्रकल्प सरांनी पाहिले होते. ते याच्या पासंगाला पुरत नव्हते.

“हे पत्रात का नाही लिहिलंस?” ते जवळजवळ ओरडलेच.

द्वारकाला प्रश्नच कळला नाही. “ते तुम्हाला कुठं माहीत होतं सर?”

वही ठेवून घेऊन सरांनी तिला जायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पुढचे दोन्ही तास सोडले आणि घरी जाऊन टेबलाशी बसले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच ते एका विद्यार्थ्यासाठी स्वतः पत्र लिहीत होते, आणि ते किती अवघड असतं ते त्यांना कळत होतं. ‘असामान्य’ लिहिलं आणि खोडलं. ‘सर्वोत्तम’ लिहिलं आणि खोडलं. हे शब्द त्यांनी इतक्या जणांना वाटले होते की त्यांचं आता चिल्लर नाणंसुद्धा उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी जे वहीत आहे तेच लिहिलं. अकरा मोटरी, भट्टी, आकडे, आणि आपण न दिलेलं उत्तर तिनं कसं काढलं ते. दीड पान झालं. सही-शिक्का सकाळी ऑफिसात करू म्हणून कागद तसाच ठेवला.

पण मग एक पेच त्यांच्या लक्षात आला. पहिल्या पत्रात त्यांच्याच सहीनं लिहिलं होतं की या मुलीची समज मला ठाऊक नाही. दुसऱ्यात दीड पान समजच होती. दोन महिन्यांत असा काय साक्षात्कार झाला, असं कुणीही विचारलं असतं. गप्प राहावं तर उद्या कुणी विचारल्यावर खोटं बोलायला लागणार. खरं सांगावं तर पत्र तिनं लिहिलं हे उघड होणार, आणि त्याचं खापर तिच्यावर फुटलं तर? स्वतःच्या अब्रूची भीती तर होतीच. ती नव्हती असं म्हणणं शुद्ध ढोंग होईल.

सकाळी दहा वाजता त्यांनी बंगळुरूला फोन लावला.

“सर, ते पत्र मी लिहिलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी ते वाचलंही नव्हतं. मी सगळ्यांनाच सांगतो, लिहून आणा, सही करतो. तिनं माझ्या सांगण्यावरूनच लिहिलं. यात तिचा काही दोष नाही. काल तुम्ही कौतुक केलंत तेव्हा मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे... बसलोसुद्धा नाही.”

पलीकडून कागद चाळल्याची खसखस ऐकू आली.

“लासूरकर सर, गेल्या पाच वर्षांत तुमच्या सहीची आणखी सात पत्रं आमच्याकडं आलीत. काल मी ती काढून बघितली. सातही जण तुमच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम विद्यार्थी आहेत. तेव्हाच मला वाटलं होतं, द्वारकाचं एवढं एकच पत्र माणसानं लिहिलेलं दिसतंय.” ते थांबले. “ते तिनं लिहिलं होतं तर.”

“आता मी स्वतः लिहिलंय,” सर म्हणाले. “दीड पान. सगळं खरं आहे.”

“असेल. पण ते मी कशाच्या भरवशावर वाचू?”

प्रश्न रागानं विचारलेला नव्हता. रागानं विचारला असता तर सोसलं असतं. त्या माणसाला खरोखरच उत्तर हवं होतं. सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानात काही वेगळं ऐकू येणार होतं.

“तिची एक वही आहे,” शेवटी ते म्हणाले.

“वही पाठवा,” बंगळुरूचे प्राध्यापक म्हणाले. “पत्र नको.”

बद्रीनाथनं वहीची सगळी पानं स्कॅन करून साडेअकराला पाठवली. पत्र सरांनी स्टाफरूममधल्या आपल्या टेबलाच्या खणात टाकलं. त्यांनी द्वारकाला वही परत दिली आणि पाठवली एवढंच सांगितलं. पत्राचं काय झालं ते सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. उद्या सांगू, असं स्वतःशीच म्हणाले, आणि उद्या काही आला नाही.

चार दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं.

ते कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, सगळी स्टाफरूम डबे खात बसलेली असताना दारात पुंजाराम इंगळे उभे राहिले. द्वारकाचे वडील. पांढरा सदरा, बोटांच्या चिरांत काळं ऑइल कायमचं मुरलेलं. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात पिशवी. मागं द्वारका.

“लासूरकर सर कोणते?” त्यांनी विचारलं, आणि कळताच सरळ आत येऊन पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढला. सर उठेपर्यंत टॉवेल खांद्यावर पडला होता, टोपी डोक्यावर बसली होती. पाच-सहा प्राध्यापकांनी हातातले घास ठेवून टाळ्या वाजवल्या.

“तुमच्या पत्रानं काम झालं सर,” पुंजाराम म्हणाले. “लई उपकार झाले. आमची पोरगी म्हंती, सरांनी घरी बसून सोता लिव्हलं. आमच्या सात पिढ्यात कुणासाठी कुणी पत्र लिव्हलं नाय.”

पत्र लिहिल्याचं तिला बद्रीनाथकडून कळलं असणार, आणि ते वहीबरोबर गेलं असं तिनं धरून चाललं असणार. डोक्यावर टोपी, हातात नारळ, आणि समोर हा भला माणूस. आत्ता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते स्वतःला अठ्ठावन्न वर्षं ओळखत होते. त्यांनी टोपी काढली.

“माझं पत्र गेलंच नाही,” ते म्हणाले. “त्यांनी घेतलं नाही. माझी सही तिथं चालत नाही.”

एका प्राध्यापकानं उघडलेला डबा पुन्हा मिटला.

“चालत नाय?” पुंजारामांना ते खरं वाटेना. “एवढ्या मोठ्या साहेबाची सही कामून नाय चालायची?”

“कारण मी न वाचता सह्या करत आलो. दुसऱ्यांनी भरलेल्या मोटरींत माझ्या सहीच्या चिठ्ठ्या टाकत आलो.” सरांनी त्यांच्याकडं बघायचा प्रयत्न केला, पण नजर त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीवरच अडली. “तुमच्या मुलीचं काम तिच्या वहीनं झालं. माझा त्यात काही हात नाही. उलट माझ्यामुळं तिचं नाव गळणार होतं.”

हे पुंजारामांना लगेच कळलं. मोटरीच्या भाषेत सांगितलेलं त्यांना न कळायला काय झालं? त्यांनी रिकाम्या पिशवीची हळूहळू घडी घातली. दोन दिवस बोलणार नाहीत की काय, असं सरांना वाटून गेलं. मग ते म्हणाले, “लिव्हलेलं पत्र हाय का पण?”

“आहे. खणात.”

“मग गेलं नाय तर नाय. पोरीला वाचू तर द्या. तिच्याबद्दल लिव्हलंय, तिला कळू द्या.”

सरांनी खणातून कागद काढून द्वारकाच्या हातात दिला. ती उभ्या उभ्या वाचू लागली. वाचताना तिचे ओठ हलत होते. पहिला परिच्छेद संपला तेव्हा डोळे भरून आलेले दिसले, आणि त्या एवढ्याशा गोष्टीनं सरांच्या छातीवरचं ओझं जरा हलकं झालं. आपण निदान एक गोष्ट तरी धड केली, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या परिच्छेदावर ती थांबली. कपाळाला आठी पडली. तिनं बापाकडं पाहिलं, मग सरांकडं.

“सर,” ती म्हणाली, “अकरा नाही. नऊ.”

“काय नऊ?”

“तुम्ही लिहिलंय, तिनं अकरा मोटरी स्वतःच्या हातानं भरल्या. मी नऊ भरल्या. सातवी आणि दहावी बाबांनी भरली. माझी परीक्षा होती तेव्हा.” आणि मग जरा संकोचून, सरांनाच सांभाळून घेत, “वहीत आहे सर. पानाखाली त्यांची सही आहे.”

तिनं पिशवीतून वही काढून सातवं पान उघडलं. तारखेपुढं, जाड पेनानं, तिरक्या-तिरक्या अक्षरांत सही होती: पुंजाराम. दहाव्या पानावरही तीच. सरांनी ही वही एक दुपारभर घरी नेऊन वाचली होती. एकूण एक आकडा वाचला, असं त्यांना वाटत होतं. सह्या तेवढ्या वाचल्या नव्हत्या. सही वाचायची असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांचे कान तापले. तरुणपणी, स्वतःला असामान्य म्हणून लिहिताना तापले होते, तसेच.

त्यांनी खिशातून पेन काढला. ‘अकरा’ खोडून वर ‘नऊ’ लिहिलं. त्याखाली एक वाक्य वाढवलं: ‘उरलेल्या दोन तिचे वडील पुंजाराम इंगळे यांनी भरल्या.’ पुंजाराम वाकून बघत होते. इंग्रजी कळत नव्हतं, पण आपलं नाव कुठं पडलं ते त्यांना बरोबर कळलं.

“आता बराबर,” ते म्हणाले. “आता करा सर सही.”

ते पत्र कुठंही जाणार नव्हतं. सरांनी पेन कागदावर टेकवला, मग उचलला.

“थांबा,” ते म्हणाले. “आधी वाचतो.”

“वाचा की निवांत,” पुंजाराम बाकावर बसत म्हणाले. “आमची बस चारला हाय.”

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.